अँटीव्हायरसचं कूळ दुरुस्तीवाल्याचं

१९९० च्या जूनमध्ये भारतात एक संगणक-विषाणू सापडला. वर्षभर तो गुपचूप पसरत राही आणि ५ जानेवारी उजाडली की यंत्र अडवून बसे. पडद्यावर एकच मागणी यायची : ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. तेवढं टाइप केलं की यंत्र पुढे चालू लागे. जगभरच्या विषाणूंच्या याद्यांत तो ‘जोशी’ याच नावाने नोंदला गेला.

वाढदिवसाची गंमत लोकांच्या लक्षात राहिली. जोशीची खरी करामत मात्र लपण्यात होती. प्लास्टिकच्या प्रत्येक फ्लॉपीच्या आरंभी ५१२ बाइटांचा एक कप्पा असतो. त्याला बूट सेक्टर म्हणतात. संगणक सुरू झाला की तो आधी हा कप्पा वाचतो आणि तिथे जे लिहिलं असेल ते निमूटपणे करतो. संध्याकाळी घाईत यंत्र बंद करताना ड्राइव्हमध्ये फ्लॉपी राहून जाई. सकाळी बटण दाबलं की ही फ्लॉपी चालणारी नाही, असा संदेश येई. माणूस फ्लॉपी काढून कळ दाबे आणि कामाला लागे. पण संदेश दिसेपर्यंत तो कप्पा वाचून झालेला असे आणि विषाणू हार्ड डिस्कवर जाऊन बसलेला असे. पुढे कुणी संशयाने तो कप्पा तपासायला गेलं, तर जोशी मध्येच आडवा येऊन मूळचा निर्मळ कप्पा दाखवी. आजारी यंत्रालाच विचारलं, तर उत्तर ‘मी बरा आहे’ असंच येणार.

यावर उपाय एकच होता. ज्याच्या शुद्धतेची खात्री आहे अशा फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचं आणि मग हार्ड डिस्क तपासायची. त्या फ्लॉपीवर कुणी काही लिहू नये म्हणून कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली असे. संगणक दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाच्या बॅगेत ती हमखास असायची. अँटीव्हायरसचा मूळपुरुष शोधायचा, तर मी या फ्लॉपीकडे बोट दाखवेन.

पाठ्यपुस्तकं वेगळी वंशावळ सांगतात. १९७१ मध्ये अमेरिकेत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाचा, एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याला हुडकून पुसणारा ‘रीपर’ रे टॉमलिन्सन यांनी लिहिला. ईमेलच्या पत्त्यात ‘अ‍ॅट’ची खूण आणणारे तेच हे टॉमलिन्सन. पण हा सगळा प्रयोगशाळेतला खेळ होता. त्यात कुणाचा हिशेब बुडाला नव्हता की कुणाचा प्रबंध पुसला गेला नव्हता. पुढे १९८३ मध्ये फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढणारा प्रोग्रॅम अमेरिकेतल्या आपल्या विद्यापीठात दाखवला आणि त्याचे शिक्षक लिओनार्ड एडलमन यांनी त्याला ‘व्हायरस’ हे नाव सुचवलं. कोहेनने आणखीही एक गोष्ट गणिताने सिद्ध केली : प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारा प्रोग्रॅम कुणालाही लिहिता येणार नाही. अँटीव्हायरसचं दुकान उघडण्याआधीच त्याची मर्यादा सांगून झाली होती. पाकिटावर ‘संपूर्ण संरक्षण’ छापणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवं होतं.

घराघरांतल्या पीसीची गोष्ट सुरू होते ती १९८६ मध्ये, लाहोरला. बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ तिथे संगणकाचा धंदा करत. त्यांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला विषाणू. आपल्या सॉफ्टवेअरची चोरी रोखण्यासाठी तो लिहिल्याचं त्यांनी पुढे सांगितलं. ब्रेनच्या पोटात त्यांची नावं, अल्लामा इक्बाल टाउनमधला दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेले होते, आणि लस हवी असेल तर संपर्क साधा, असंही. रोग आणि वैद्याचा पत्ता एकाच फ्लॉपीतून जगभर गेला. अमेरिकेतून फोन येऊ लागले तेव्हा भाऊही चकित झाले. पाहणाऱ्याला निर्मळ कप्पा दाखवण्याची युक्ती ब्रेनकडेही होती. जोशीने ती चार वर्षांनी वापरली.

पुढच्या दोनतीन वर्षांत ठिकठिकाणी हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. कुणाच्या तरी समोर बिघडलेलं यंत्र येतं, तो विषाणू उलगडून पाहतो आणि त्याच्यावर उतारा लिहितो. १९८७ मध्ये जर्मनीत बेर्न्ड फिक्स यांनी ‘व्हिएन्ना’ विषाणू काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याच व्हिएन्नामुळे ब्रातिस्लाव्हात पेटर पाश्को आणि मिरोस्लाव त्रन्का यांनी ‘नॉड’ लिहिला आणि प्रागमध्ये पाव्हेल बाउदिश यांनी आपला उतारा तयार केला. पहिल्यातून पुढे ‘इसेट’ ही कंपनी उभी राहिली, दुसऱ्यातून ‘अ‍ॅव्हास्ट’. मॉस्कोत १९८९ मध्ये युजीन कॅस्परस्की यांच्या स्वतःच्या यंत्रावर ‘कॅस्केड’ आला. या विषाणूमुळे पडद्यावरची अक्षरं घरंगळत खाली पडत. तिथून त्यांचा धंदा बदलला. चेन्नईत १९९१ मध्ये ‘के सेव्हन’ सुरू झाली. यातल्या कुणीही आधी बाजारपेठेचा अभ्यास केला नव्हता. आधी बिघाड आला, मग उतारा आणि पैसे त्यानंतर.

भीतीचा धंदा १९९२ मध्ये जन्माला आला. ६ मार्चला, म्हणजे मायकेलअँजेलोच्या जन्मदिवशी, हार्ड डिस्कवरची माहिती उद्ध्वस्त करणारा ‘मायकेलअँजेलो’ नावाचाच एक विषाणू आधीच्या वर्षी सापडला होता. पन्नास लाख यंत्रं बुडू शकतील, असं अँटीव्हायरस विकणारे जॉन मॅकअफी यांनी सांगितलं. वर्तमानपत्रांनी ते मोठ्या अक्षरांत छापलं आणि अँटीव्हायरसची पाकिटं खपली. प्रत्यक्षात हजारोंच्या घरात यंत्रं गेली. ज्यांची गेली त्यांचं नुकसान खरं होतं, पण आकडा आणि वास्तव यांतलं अंतर या व्यवसायाला तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच.

आता पुण्याला येऊ. महाराष्ट्रातल्या घरांत अँटीव्हायरस शिरला तो प्रामुख्याने इथल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात ४०० रुपये महिन्यावर लागले. पुढे १५ हजारांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं. कॅल्क्युलेटरवरून ते संगणकाकडे वळले आणि वार्षिक देखभालीची कंत्राटं, बोलीभाषेतली एएमसी, घेऊ लागले. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत वारंवार विषाणूच सापडत, म्हणून संजय यांनी त्यांच्यावर एकेक उतारा लिहायला घेतला. मायकेलअँजेलोवरचा उतारा त्यातला सुरुवातीचा. हे सुटे उतारे एकत्र करून १९९५ मध्ये डॉसवर चालणारा ‘क्विक हील’ बाजारात आला. कंपनीचं नाव तेव्हा कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, म्हणजे नावातही सेवाच. २००७ मध्ये ती क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले.

या कथेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती विक्रीची वाट. ज्या हाताने दुरुस्ती होत होती, त्याच हातातून अँटीव्हायरसही विकला गेला. तालुक्याच्या गावी ‘असेंबल’ केलेला पीसी घेतला की दुकानदारच सीडीचं खोकं पुढे करी, स्वतः चढवून देई आणि वर्ष संपलं की आठवणीने फोन करी. कुठला अँटीव्हायरस घ्यावा, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांनी या माणसावर सोपवलं होतं. त्यात त्याचं कमिशन असे, हे घरालाही ठाऊक होतं. पण रविवारी यंत्र अडलं तर धावून येणाराही तोच होता, आणि हा व्यवहार मला रास्त वाटतो.

विषाणू ओळखायची मूळ रीत साधी आहे. प्रत्येक विषाणूतली बाइटांची एखादी वेगळी ओळ खूण म्हणून टिपायची आणि प्रत्येक फाइल त्या खुणांशी ताडून पाहायची. पोलीस ठाण्यात फरारींचे फोटो लावतात तसंच. १९९२ च्या सुमारास सोफियातल्या ‘डार्क अ‍ॅव्हेंजर’ या टोपणनावाच्या माणसाने दर प्रतीत आपलं रूप बदलू शकणाऱ्या विषाणूंचं यंत्रच लिहून वाटलं आणि फोटो निरुपयोगी ठरू लागले. मग संशयित फाइल आधी आतल्या खोट्या संगणकात चालवून तिचं वागणं पाहायचं, अशी युक्ती आली. ती वेळ खाते, स्मृती खाते. ‘अँटीव्हायरस टाकल्यापासून पीसी स्लो झालाय’ ही घरोघरची तक्रार काही अंशी तिथून सुरू झाली. खुणांची यादी रोज वाढू लागली, तसा एकदाच्या विक्रीच्या जागी वर्षाचा परवाना रुजला.

परवान्याचे पैसे फुकट गेले असं म्हणता येणार नाही. २६ एप्रिल १९९९ ला तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेल्या ‘सीआयएच’ने हार्ड डिस्क तर पुसलीच, काही यंत्रांच्या मदरबोर्डवरची बायोस चिपही पुसून त्यांना मुकं केलं. भारतातली यंत्रंही त्यात होती. पुढच्या दशकात पेन ड्राइव्ह आला. झेरॉक्सच्या दुकानात, डीटीपी सेंटरवर, फोटो स्टुडिओत तो लावून आणला की फोल्डरचं चित्र पांघरलेला एखादा विषाणू बरोबर येई. पेन ड्राइव्ह खोचताच आपोआप चालू होण्याची विंडोजची सवय त्याच्या पथ्यावर पडे. ती सवय जुन्या विंडोजवर मायक्रोसॉफ्टने २०११ च्या फेब्रुवारीत मोडली, आणि अँटीव्हायरसाचं बरंच काम एका दुरुस्तीने हलकं झालं.

औषधाची बाधा होण्याचे प्रसंगही घडले. २१ एप्रिल २०१० ला मॅकअफी कंपनीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल विषाणू ठरवली आणि जगभर असंख्य यंत्रं पुन्हा पुन्हा सुरू-बंद होत राहिली. अँटीव्हायरसला यंत्राच्या गाभ्यापर्यंत शिरण्याची मुभा द्यावी लागते, म्हणून त्याची चूकही खोल जाते. दोन अँटीव्हायरस एकत्र बसवू नयेत असं दुरुस्तीवाले कळकळीने सांगत आले ते याचसाठी. दोघेही प्रत्येक फाइल आधी आपण उघडायची म्हणून झगडतात.

फुकटच्या अँटीव्हायरसाचा प्रश्न वेगळा. अ‍ॅव्हास्टने आपल्या वापरकर्त्यांच्या वेबसाइट-भेटींची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याचं उघड झालं. २०२० मध्ये जंपशॉट बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ज्याला घराच्या किल्ल्या दिल्या त्यानेच घरातली हालचाल विकली, याचा मला मनापासून संताप आहे. प्रागमधल्या त्या पहिल्या उताऱ्याशी हे वागणं विसंगत होतं.

घरच्या पीसीची आजची निवड २०१२ मध्येच बरीचशी सोपी झाली. विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजच्या आतच दिला. दुसरा बसवला की तो आपण होऊन बाजूला होतो. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था नियमित चाचण्या घेतात आणि त्यांत डिफेंडर आता नामांकितांच्या पंक्तीला बसतो. माझं मत स्पष्ट आहे : साध्या घरगुती वापराला तो पुरतो. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला आणि मुदत संपलेला चाचणीपुरता अँटीव्हायरस मात्र काढून टाकावा, म्हणजे डिफेंडरला जागा मिळते. घरात लहान मुलं असतील, फोनवर कुणीतरी मराठीत मदत करणारं हवं असेल, तर पैसे देऊन घेण्यात काही गैर नाही. तिथे आपण मुख्यतः सेवा विकत घेतो आणि ती मागणी न्याय्य आहे.

पण अँटीव्हायरसाला जे जमत नाही ते त्याच्याकडून मागू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं विंडोजचं अपडेट मार्चमध्येच येऊन गेलं होतं. म्हणून अपडेट टाळू नये. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत अशा डिस्कवर असावी, जी एरवी यंत्राला जोडलेली नसते. आणि पडद्यावर लाल पाटी झळकवून किंवा थेट फोन करून ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, आम्ही दुरुस्त करतो’ असं सांगणाऱ्यांपासून आपल्या आईवडिलांना सावध करावं. हे चोर दुरुस्तीवाल्याचा वेश घेतात, कारण घराचा विश्वास अजून त्याच माणसावर आहे. माणसाने स्वतःच्या हाताने पडदा दुसऱ्याच्या ताब्यात दिला, तर कोणताही अँटीव्हायरस ते हमखास अडवू शकत नाही.

आपला अँटीव्हायरस जागा आहे का, हे घरच्या घरी पाहता येतं. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी ‘आयकार’ या युरोपीय संस्थेच्या नावाने एक चाचणी-फाइल मान्य केलेली आहे. ती फक्त ६८ अक्षरांची. सगळी कळफलकावरून टाइप करता येतील अशी, आणि पूर्ण निरुपद्रवी. आयकारच्या संकेतस्थळावर ती मिळते. नोटपॅडमध्ये ती ओळ जशीच्या तशी लिहून फाइल साठवली, की जागा असलेला अँटीव्हायरस तिला विषाणू समजून लगेच हटकतो. हटकलं नाही, तर ओळ एकदा नीट ताडून पाहावी, आणि मग सेटिंगमध्ये जाऊन तात्काळ संरक्षण चालू आहे का ते बघावं.