मालिकेतली चेटकीण आणि गावातली चेटकीण

'मालिकांमधली चेटकीण आणि स्त्रीवाद' असा विषय घेऊन गेलात, तर मार्गदर्शक पहिलाच प्रश्न विचारतील: कुठली चेटकीण? प्रश्न खोचक वाटेल, पण प्रबंध तिथूनच सुरू होतो.

आधी अमेरिका बघू. १९६४ साली 'बिविच्ड' ही मालिका सुरू झाली. त्यातली समँथा चेटकीण आहे, पण तिने जादू सोडून साधा संसार करावा असा नवऱ्याचा हट्ट. आदल्याच वर्षी बेटी फ्रीडन यांचं 'द फेमिनिन मिस्टिक' आलं होतं. शिकून-सवरून घरात अडकलेल्या बायकांची घुसमट त्यात होती. म्हणून समँथाची जादू म्हणजे दाबून ठेवलेली बाईची ताकद, असं वाचता येतं. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्त्रीवाद्यांनी तर 'विच' नावाचा गटच काढला. हे त्यांना जमलं, कारण सेलमच्या खटल्यांना (१६९२, फाशी १९ जणांना) तोवर पावणेतीनशे वर्षं उलटली होती. 'चेटकीण' म्हटल्याने शेजारी अंगावर येतील, ही धास्ती उरली नव्हती.

आता हीच फूटपट्टी मराठीला लावून बघा. 'रात्रीस खेळ चाले'मधल्या शेवंताला लोकांनी डोक्यावर घेतलं. पण अण्णांशी असलेल्या संबंधाची बदनामी तिच्या वाट्याला येते, आणि तिचा दरारा वाढतो तो मेल्यावर, भूत म्हणून. 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' (२०२२) मध्ये पुढचं दिसण्याची शक्ती नेत्राकडे, आणि अघोरी ताकद रूपालीकडे. घर सांभाळणारीची शक्ती दैवी, सत्ता मागणारीची काळी. ही वाटणी कोण ठरवतं? तुमचा संशोधन-प्रश्न इथे आहे.

आणि आपल्याकडे हा इतिहास संपलेला नाही. नंदुरबारच्या सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना याच काळातल्या. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. कुणी करणी करतं, मंत्राने गुरांचं दूध आटवतं असं जाहीर करून त्याला छळणं हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. म्हणजे अमेरिकेत अभिमानाने मिरवलेला शब्द इथे आजही आरोप आहे.

म्हणून एक पथ्य पाळा. नाते गावात किंवा पोलादपूरच्या वाड्यांवर मुलाखतींना गेलात, तर 'इथे चेटकीण कोण?' असं चुकूनही विचारू नका. एखाद्या एकट्या म्हातारीचं नाव तुमच्या वहीत चढलं, की 'शिकलेल्या पोरांनीही लिहून नेलं' एवढं गावाला पुरतं. त्यापेक्षा मालिकेबद्दल विचारा: शेवंताचं काय चुकलं? अण्णांचं काय चुकलं? दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी लिहा. पहिलं प्रकरण त्यातूनच उभं राहील.