कुंतीचा कान

वर्ध्याहून नागपुरास जाणाऱ्या रस्त्यावरील केळझर म्हणजेच महाभारतांतील एकचक्रानगरी, अशी लोकांची श्रद्धा आहे. तेथें वेष पालटून राहिलेल्या कुंतीच्या कानीं यजमानाच्या घरांतला आक्रोश आला, आणि तिनें त्या कुटुंबाऐवजी आपल्या भीमास बकासुराकडे धाडलें. दुसऱ्याच्या घरांतलें चोरून न ऐकतांही कानीं आलें, तें त्याच्या रक्षणाच्या कामीं लागलें.

पुढें ऐकण्याचा अधिकार राज्यकर्त्यांनीं कायद्यानेंच मिळविला. १८८५ च्या कायद्यानें तारा, आणि १८९८ च्या कायद्यानें टपाल अडविण्याची मुभा सरकारास मिळाली. १९०८ सालीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, ती मात्र ‘केसरी’त उघड छापलेल्या लेखांबद्दल. छापणारा जोखीम जाणून छापीत असे. ओटीवरचें बोलणें निराळें होतें.

हा भेद आतां पुसट झाला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघर येथें दोन तरुणींस अटक झाली. एकीनें मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनें त्यांस केवळ पसंती दर्शविली. त्यांच्यावर लावलेलें ६६-अ हें कलम सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं रद्द केलें, आणि २०१७ सालीं नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला.

न्यायालयानें आपलें काम केलें. आमच्या सवयीचें काय? पूर्वीं पत्र फोडण्यास सरकारी हुकूम लागे. आज अटी न वाचतां आम्हीच संमतीचें बटण दाबतों. ऐकणारे कान पुष्कळ झाले. त्यांत कुंतीचा कोणता आणि बकासुराचा कोणता, एवढें विचारण्याचें तरी आम्हीं सोडूं नये.