गुलामांनी मालकांना दिलेली भरपाई

युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांची कर्जे श्रीमंत सरकारांनी माफ करावीत, असे म्हटले की लगेच उत्तर येते : घेतले ते फेडलेच पाहिजे, नाहीतर उद्या कोण कोणाला उधार देईल? हा सावकारी न्याय आपल्या बापजाद्यांनी पुरेपूर भोगला आहे. पण कर्ज कोणी, कशासाठी आणि कोणाच्या तोफांसमोर घेतले, हे तपासल्याशिवाय 'माफी' हा शब्दच वापरता येत नाही. माफी गुन्हेगाराला देतात.

हैतीचा इतिहास पाहा. फ्रान्सच्या या वसाहतीत ऊस आणि कॉफीच्या मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या गुलामांनी १७९१ साली उठाव केला. पुढे नेपोलियनने पाठवलेल्या फौजेलाही त्यांनी हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी देसालिन यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. तोवर मळे जळाले होते, शहरांची राख झाली होती.

१८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने हुकूम काढला : स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल तर पाच हप्त्यांत १५ कोटी फ्रँक द्या. सोबत युद्धनौका होत्याच. पैसे जायचे होते जुन्या मळेमालकांच्या 'नुकसानी'साठी, आणि त्या नुकसानीत हातचे सुटलेले गुलामही आले. म्हणजे मुक्त झालेल्या माणसाने स्वतःची किंमत स्वतःच मालकाला मोजायची! राष्ट्राध्यक्ष बॉयेर यांनी अट मान्य केली. पहिल्याच हप्त्याचे तीन कोटी तिजोरीत नव्हते. मग पॅरिसमध्येच तीन कोटींचे कर्ज काढले. दलाली कापून हातात पडले दोन कोटी चाळीस लाख. एका कर्जासाठी दुसरे कर्ज. १८२६ च्या ग्रामीण कायद्याने शेतमजुराला पुन्हा मळ्याशी जखडले, कारण हप्ते शेवटी कॉफीतूनच निघणार होते. १८३८ मध्ये एकूण मागणी नऊ कोटींवर आली खरी, पण त्यापायी झालेल्या कर्जांचा फास पुरता सुटायला १९४७ उजाडले.

(आपल्याकडेही महार वतन खालसा झाले तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या वेठ केलेल्यांना तीच जमीन परत मिळवण्यासाठी सरकारला पैसे भरावे लागले. ज्यांनी वेठ घेतली, त्यांना कोणी बिल पाठवले नाही.)

आता पश्चिम जर्मनी. २७ फेब्रुवारी १९५३ च्या लंडन कराराने तिचे परदेशी कर्ज जवळजवळ निम्म्याने कमी झाले आणि उरलेले झेपेल तसे फेडण्याची सोय झाली. धनकोंमध्ये ग्रीसही होता, ज्याला नाझी ताब्याच्या काळात भुकेने मारले गेले होते. युद्ध लादणाऱ्या देशाला ही सवलत मिळाली, तेव्हा 'घेतले ते फेडा' हे तत्त्व कुठे गेले होते? २००४ मध्ये इराकच्या कर्जातलेही ८० टक्के पॅरिस क्लबच्या देशांनी सोडले, तेही अमेरिकेच्या आग्रहावरून, तिने इराक ताब्यात घेतल्यानंतर. सोडलेले पैसे हुकूमशहांच्या खिशात जातील, ही भीती खोटी नाही. पण त्याच हुकूमशहांना उधार देताना ती कुठे असते?

२००३ मध्ये हैतीचे राष्ट्राध्यक्ष आरिस्तिद यांनी फ्रान्सकडे एकवीस अब्ज डॉलरहून अधिक रक्कम परत मागितली. पुढच्याच वर्षी त्यांना सत्ता आणि देश दोन्ही सोडावे लागले. नंतरच्या सरकारने मागणी गुंडाळून ठेवली. १७ एप्रिल २०२५ रोजी, त्या हुकुमाला बरोबर दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, मॅक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग जाहीर केला. पैसे परत करण्याचे आश्वासन त्यात नव्हते.