दिवा जंक्शन : उपनगरी रेल्वेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित स्थानक

भारतीय रेल्वेच्या इतिहासलेखनात १६ एप्रिल १८५३ रोजी धावलेल्या बोरीबंदर-ठाणे गाडीला जे स्थान लाभले, ते ठाण्यापलीकडील छोट्या स्थानकांना लाभले नाही. ठाणे जिल्ह्यातील दिवा हे अशा स्थानकांपैकी एक होय. प्रस्तुत लेखात या स्थानकाच्या जडणघडणीचा व तेथील लोकल सेवेचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

१ मे १८५४ रोजी लोहमार्ग ठाण्याहून कल्याणपर्यंत पोहोचला. हा मूळ मार्ग मुंब्र्याच्या डोंगराला व खाडीला लगटून जाणारा, वळणावळणाचा होता. १९१६ मध्ये सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा खुला झाल्याने सरळ मार्ग उपलब्ध झाला. पुढे जलद गाड्या बोगद्यातून व धिम्या गाड्या मुंब्रामार्गे अशी विभागणी रूढ झाली. १९६० च्या दशकात दिवा-पनवेल मार्ग झाला, त्यानंतर वसईकडील मार्ग जोडला गेला आणि दिवा हे जंक्शन बनले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर कोकणातील चाकरमान्यांसाठी या जंक्शनचे महत्त्व आणखी वाढले.

तथापि जंक्शनचा दर्जा आणि स्थानिक प्रवाशांची सोय या दोन भिन्न बाबी आहेत. मुंबईतील घरे आवाक्याबाहेर गेल्याने अल्प उत्पन्न गटातील कुटुंबे दिव्यातील चाळींत व इमारतींत स्थिरावली. लोकसंख्या वाढली, परंतु जलद लोकल येथे थांबत नव्हती. २ जानेवारी २०१५ रोजी लोकल सेवा विस्कळीत झाली, तेव्हा दिव्यातील प्रवासी रुळांवर उतरले व आंदोलन हिंसक झाले. डिसेंबर २०१६ मध्ये काही जलद लोकलना थांबा मिळाला. मात्र कर्जत-कसाऱ्याकडून भरून येणाऱ्या गाडीत थांबा मिळणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. म्हणूनच दिव्याहून सुटणाऱ्या लोकलची मागणी पुढे आली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी व सहावी मार्गिका कार्यान्वित झाली. तरीही ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लटकणारे प्रवासी खाली पडून किमान चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर नव्या लोकलगाड्यांना स्वयंचलित दरवाजे बसविण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला.

सारांश, दिव्याचा विकास प्रामुख्याने तेथून पुढे जाणाऱ्या गाड्यांच्या गरजेनुसार झाला. तेथे गाडीत चढणाऱ्या माणसाचा विचार उशिरा झाला. स्थानकाचे महत्त्व त्याला येऊन मिळणाऱ्या मार्गांच्या संख्येवरून ठरवावे, की तेथील रहिवाशाच्या सुरक्षित प्रवासावरून, हा प्रश्न दिव्याचा इतिहास अभ्यासकांपुढे ठेवतो.