गाळणं, नारू आणि आरओ

पाणी शुद्ध करायचं यंत्र घ्यावं की नको, असं मंडळातल्या बायकांनी विचारलं की मी उलट विचारते, "तुमच्या पाण्यात आहे काय?" धार आणि देवास, पवारांच्या या जुन्या संस्थानी गावांकडे पाहिलं की हा प्रश्न आधी का, ते कळतं.

आपल्याकडे पाणी दुहेरी जाड कापडातून गाळतात. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं चालतं. मग पुन्हा गाळायचं. कापडावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत हलकेच सोडायची. हेतू जीवदयेचा, पण त्या कापडानं माणसंही राखली. नारूचे जंतू पाण्यातल्या बारीक सायक्लॉप्सच्या पोटात असत. असं पाणी प्यायल्यावर वर्षभरानं पायातून लांबलचक कृमी बाहेर पडे. त्यावर औषध नव्हतं, लस नव्हती. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांत नारू होता. 1980च्या दशकात देशभर मोहीम निघाली. पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप आले, आणि घरोघरी सांगितलं गेलं, पाणी कापडानं गाळा. 1996 मध्ये शेवटचा रुग्ण सापडला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला. पुढे 2003 मध्ये बांगलादेशातला अभ्यास प्रसिद्ध झाला: जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळपास निम्म्यानं घटला होता.

मग कापड पुरे का? नाही. कॉलऱ्याचे जंतू बारीक जीवांना चिकटून असतात, म्हणून त्यातले बरेच अडकतात; सुटे जंतू कापडातून पार होतात. त्यांना उकळणंच हवं.

धार जिल्ह्यात दुखणं वेगळं. तिथल्या कित्येक गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, हाडं आखडतात. ते पाण्यात विरघळलेलं असतं, कापडाला सापडत नाही. उकळलं तर पाणी आटतं, फ्लोराइड तसंच राहतं. अशा घरी दुसरं चांगलं पाणी मिळत नसेल, तर आरओचे पैसे वाया जात नाहीत.

देवासची गोष्ट उलटी. 1990 मध्ये त्या शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आरओ मात्र पेलाभर शुद्ध पाणी देताना बहुधा त्याहून जास्त मोरीत सोडतं. पाण्यातले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2019 मध्ये म्हटलं, ते याचसाठी.

तेव्हा बायांनो, दुकानात जाण्याआधी पाण्याची बाटली सरकारी प्रयोगशाळेत न्या. फ्लोराइड, क्षार, जंतू, तिन्ही तपासून घ्या. यंत्र लागलंच तर त्याचं फेकलेलं पाणी बादलीत धरा. फरशीला, धुण्याला येतं. आणि नळाला गाळणं बांधलेलंच राहू द्या.