हिमालयन म्हणे!

ऑगस्ट आला की आमच्या सिॲटलच्या आसपास रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत, दुकानांच्या मागच्या पडीक जागेत, जिथे म्हणून ऊन पोचतं तिथे ब्लॅकबेरी पिकतात. कुणी लावलेल्या नाहीत, कुणी पाणी घालत नाही. लांब बाह्यांचा शर्ट घालायचा, डबा घ्यायचा आणि निघायचं. आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिने एक बेरी तोंडात टाकली, हातावरचा ओरखडा बघितला आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली करवंदंच की!" आता करवंद कण्हेरीच्या कुळातलं आणि ब्लॅकबेरी गुलाबाच्या, त्यामुळे शास्त्र काही आईच्या बाजूने नाही. पण जाळीत हात घालायची तिची पद्धत बघितल्यावर मी वाद घातला नाही.

या झुडपाला इथे 'हिमालयन ब्लॅकबेरी' म्हणतात. हे कळल्यावर मला कोण आनंद झाला होता! लेकीच्या शाळेत एकदा पालकांनी आपल्या देशाविषयी काहीतरी सांगायचं होतं. मी ठोकून दिलं की ही बेरी आमच्या हिमालयातून आलीय. मुलं खूश, बाई खूश, लेक तर फारच खूश.

पुढे बागकामाच्या नादात वाचायला लागले आणि लक्षात आलं, की ही बया हिमालयातली नाहीच मुळी! तिचं माहेर आर्मेनिया आणि उत्तर इराणकडचं. शास्त्रीय नावसुद्धा 'रुबस आर्मेनियाकस'.

मग हिमालय आला कुठून? तर ल्यूथर बरबँक या गृहस्थांमुळे. जन्म १८४९, मॅसॅच्युसेट्समधला. तरुणपणी त्याने बटाट्याची एक सरस जात शोधली, तिचे हक्क १५० डॉलर्सना विकले आणि १८७५ साली कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाला येऊन राहिला. पुढे आयुष्यभर फळं, फुलं, भाज्या यांच्या आठशेहून जास्त नव्या जाती त्याने काढल्या. हजारो रोपं वाढवायची, त्यातलं एखादंच ठेवायचं आणि बाकीची जाळून टाकायची, असा त्याचा खाक्या. आपल्याकडे हे नाव वेगळ्याच वाटेने पोचलेलं आहे. परमहंस योगानंदांचं 'योगी कथामृत' ज्यांच्या घरी असेल त्यांनी अर्पणपत्रिका उघडून बघा. १९४६ साली निघालेलं ते मूळ इंग्रजी पुस्तक बरबँकच्या स्मृतीला अर्पण केलेलं आहे.

तर हा बरबँक देशोदेशीच्या लोकांशी टपालाने बियांची देवाणघेवाण करायचा. भारतातून आलेल्या एका पुडीतल्या बियांची रोपं चांगलीच माजली. फळ मोठं, गोड आणि भरपूर. १८८५ साली त्याने ती 'हिमालया जायंट' या नावाने बाजारात आणली. पुडी भारतातून आली, म्हणून वाण हिमालयाचं. संपला विषय!

सिॲटलकडची ओली हवा तिला भलतीच मानवली. हिचा फोक पहिल्या वर्षी नुसता वाढतो, दुसऱ्या वर्षी फुलतो, फळतो आणि मरतो. पण वाकलेल्या फोकाचं टोक जमिनीला टेकलं की तिथे मुळं फुटतात आणि नवी जाळी सुरू. शिवाय पक्षी बिया नेतात ते वेगळंच. १९४५ पर्यंत ती पश्चिम किनाऱ्यावर रानोमाळ झाली होती. आज वॉशिंग्टन राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत तिचं नाव आहे. ओढ्याकाठची रानं तिने गिळली. इथली मूळची ब्लॅकबेरी वेगळीच आहे, जमिनीवर सरपटणारी, बारीक फळाची. मी इतकी वर्षं इथे राहून ती चाखलीच नव्हती! दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये एका पायवाटेशेजारी सापडली. चिमूटभर फळ, पण स्वाद असा, की मी तिथेच बसकण मारली.

परवा शेजारचे आजोबा कुंपणावरची जाळी तोडताना हसत म्हणाले, "तुमच्या देशातलं हे प्रकरण काही आवरत नाही बुवा." मी ताबडतोब म्हटलं, "आमची नाही हो, आर्मेनियाची आहे." आणि घरात आल्यावर माझी मलाच लाज वाटली. गोड होती तोवर आमची, तण म्हटल्याबरोबर आर्मेनियाची! त्यात आर्मेनियाने तरी काय केलं होतं? आणि खरी हिमालयातली बेरी, कुमाऊँमध्ये जिला हिसालू म्हणतात ती पिवळी, तीही काही साधी नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत ती आहे आणि हवाई बेटांवर तिने उच्छाद मांडलाय. म्हणजे तोही बचाव गेला.

दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन आजोबांच्या मदतीला गेले. नुसतं वरून छाटून उपयोग नसतो, बुंध्याचा गड्डा खणून काढावा लागतो. दोन तासांत दोनच निघाले.

संध्याकाळी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. शाळेत मी चुकीचं सांगितलं होतं, हेही. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आई, मी अजून सगळ्यांना तेच सांगते गं."

असो. आता तिलाही दुरुस्ती करत फिरावं लागणार. जॅमच्या मात्र यंदाही सहा बाटल्या झाल्यात. येणाऱ्यांनी हक्काने घेऊन जा.