बदलापूर ते आझाद मैदान

मुंबईच्या संघानें १९३४-३५ सालीं रणजी करंडकाची पहिली स्पर्धा जिंकली व २०२३-२४ पर्यंत तो करंडक ४२ वेळां मिळविला. याचें श्रेय थोर फलंदाजांस देण्याची रीत आहे. आम्ही तें क्लबांच्या ओल्या मैदानांस देतों. १९४८ सालीं सुरू झालेली कांगा लीग मुद्दाम पावसाळ्यासाठीं आंखलेली. भिजल्या खेळपट्टीवर चेंडू उसळेल कीं सरपटेल याचा नेम नाहीं, वाढल्या गवतांत फटका अडतो. तेथें तीस धावा करणारा मुलगा जाणत्यांच्या नजरेंत भरतो.

या लीगचें जवळजवळ समवयस्क गांव म्हणजे १९४९ सालीं निर्वासितांच्या छावणीस नांव मिळून झालेलें उल्हासनगर. पण तेथून मुंबईचें टोक ५८ किलोमीटर, अंबरनाथहून ६०, बदलापुराहून ६८! किटबॅग घेऊन पहांटेच्या लोकलमध्यें शिरणें हीच पहिली निवड-चांचणी. शेजारच्या कल्याणांत जानेवारी २०१६ मध्यें प्रणव धनावडे या शाळकरी मुलानें नाबाद १००९ धावा केल्या. तथापि रणजी संघाचें दार त्या आंकड्यानें उघडलें नाहीं. ओल्या खेळपट्टीवरील तीस धावांचें वजन त्यांत नव्हतें, असें आम्हांस वाटतें. कल्याणचाच तुषार देशपांडे मात्र त्याच वर्षीं रणजींत उतरला आणि २०२४ सालीं हरारे येथें भारताकडून गोलंदाजी करूं लागला.